हौशी खगोलीय छायाचित्रण : भोर-वेल्हे परिसर

सूर्यकुलाबाहेरील तारकागुच्छ, अभ्रिका व दीर्घिका या अंधुक खस्थ ज्योतींची छायाचित्रे घेऊन त्यांवर पुढील संस्कार करण्याचे तंत्र उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीने आत्मसात करणाऱ्यांच्या उद्योगास हौशी खगोलीय छायाचित्रण म्हणतात. मानवी डोळा प्रकाश साठवू शकत नाही. सेकंदाच्या अल्पशा भागात दृष्टिपटलावर जे पडेल तेवढेच त्याला दिसते. छायाचित्रपट्टी किंवा इलेक्ट्रॉनीय संवेदक मात्र तासन् तास प्रकाश गोळा करीत राहतो. देवयानी दीर्घिकेचा विस्तार आकाशात पूर्णचंद्राच्या सु. सहापट असूनही नुसत्या डोळ्यांना तिचा केवळ मध्यभाग धुरकट ठिपक्यासारखा भासतो, याचे कारण हेच. महाराष्ट्रात या छंदाची वाढ पुणे व मुंबई या शहरांतील मंडळींमध्ये झाली. परंतु त्याचे क्षेत्र शहरापासून पन्नास-साठ किमी. दूरच्या डोंगरांत सरकत गेले. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे तालुके अशा क्षेत्रांपैकी होत. (वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली.)

इतिहास : या तंत्राचा पाया घालणारे बहुतेक जण स्वतःच हौशी होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. मृग नक्षत्रातील महाअभ्रिकेचे हे चित्र टिपण्यास त्यांना ५१ मिनिटे लागली. ड्रेपर यांचे शिक्षण वैद्यकाचे होते. १८८३ मध्ये त्याच अभ्रिकेचे अधिक सरस चित्र घेणारे अँड्रू एन्स्ली कॉमन हे आरोग्य अभियंता होते, तर देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना २९ डिसेंबर १८८८ रोजीच्या काचपट्टीवर स्पष्टपणे नोंदविणारे आयझॅक रॉबर्ट्‌स हे लिव्हरपूलकडील इमारत बांधकामाचे ठेकेदार होते. रॉबर्ट्‌स यांना आपल्या चित्रात नव्याने घडत असलेले एखादे सूर्यकुल दिसले. चित्र बरोबर होते, अर्थ चुकला होता. ती एक स्वतंत्र व अतिदूरची ताराप्रणाली आहे, हे एडविन हबल यांना ऑक्टोबर १९२३ मध्ये घेतलेल्या काचपट्टीवर सापडलेल्या एका रूपविकारी ताऱ्यावरून पुढे सिद्ध झाले.

रॉबर्ट्‌स यांचा दूरदर्शक डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेला, २० इंच (सु. ५१ सेंमी.) व्यासाच्या आरशाचा होता. ग्रब यांच्याच कारखान्याचा, तितक्याच व्यासाचा परावर्ती दूरदर्शक त्या काळात पुण्यासही आला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) तिचे प्रमुख झाले. त्या काळी हा भारतातील सर्वांत मोठा दूरदर्शक होता. तेथील कामाचा भर वर्णपटविज्ञानावर राहिला. मृगातील अभ्रिकेच्या प्रमुख वर्णरेषेविषयीचे नायगमवाला यांचे निरीक्षण १८९१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे त्या अभ्रिकेच्या प्रकाशाचे पृथक्करण पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाले होते. मात्र ही परंपरा एका माणसावर उभी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मोडली गेली आणि दूरदर्शक कोडईकनालला रवाना झाला. त्यानंतर मोठ्या यंत्रावर हात बसविण्याची सोय पुण्यातील जिज्ञासूंना कित्येक दशके उरली नाही. या खंडाची किंमत मराठी भाषिक प्रदेशाने दीर्घकाळ मोजली, असे म्हणावे लागते.

लहान साधनानेही काय साधते याचे उदाहरण त्याच काळात वऱ्हाडात घडले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आजच्या महाराष्ट्रावरून गेला. नायगमवाला यांनी जेऊर (सोलापूर जिल्हा) येथे तळ दिला, नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गास उतरले आणि ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी संस्थेची एक तुकडी अमरावतीकडील तळणी येथे आली. तिच्यात ॲनी माँडर होत्या. विवाहामुळे ग्रिनिच वेधशाळेतील नोकरी सोडावी लागलेल्या या विदुषीने आकाशगंगेच्या छायाचित्रणासाठी मिळालेल्या अनुदानातून केवळ दीड इंच व्यासाच्या भिंगाचा कॅमेरा करवून घेतला होता. तळणीत त्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातील एक झोत टिपला. इतका लांब झोत तोवरच्या कोणत्याही छायाचित्रात आढळला नव्हता. मोठ्या वेधशाळांच्या अवजड यंत्रांना जे जमले नाही, ते रुंद क्षेत्र पाहणाऱ्या छोट्या भिंगाने करून दाखविले. आज वेल्ह्याच्या माळावर तिपाईवर बसविलेल्या कॅमेऱ्याचे नाते पुण्याच्या २० इंची दूरदर्शकापेक्षा या तळणीच्या कॅमेऱ्याशी अधिक जवळचे आहे.

पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोल अभ्यासकांची ती देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. तिच्यासारख्या संस्थांनी व्याख्याने, आकाशदर्शन व दूरदर्शक बांधणी यांची गोडी लावली. आरसा घासण्याचे काम घरच्या घरी होऊ शके, पण छायाचित्रणाची वाट बिकट होती. मुख्य अडचण छायाचित्रपट्टीच्या स्वभावात होती. मंद प्रकाशात उद्भासनाचा काळ दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. पट्टी जणू थकत जाते. कार्ल श्वार्ट्‌सशिल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा दोष मोजून दाखविला होता. पाश्चात्त्य हौशी मंडळी १९७०–८० च्या दशकांत पट्टी हायड्रोजनयुक्त वायूत तापवून तिची संवेदनशीलता वाढवीत. अशी सामग्री येथे सहजासहजी हाती येणारी नव्हती. उदगमंडलम् येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्‌स या सरकारी कारखान्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले व ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म बाजारात आली. पण ती सर्वसाधारण वापरासाठी होती. रात्रभर नेत्रिकेला डोळा लावून मार्गदर्शक तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवायचा, पहाटे फिल्म काढायची आणि ती धुतल्यावर दोन दिवसांनी कळायचे की तिसाव्या मिनिटालाच दूरदर्शक ढळला होता, असा हा उद्योग होता. चूक व तिचे कारण यांच्यातील हे अंतरच शिकणाऱ्याची खरी अडचण होते.

या काळात एका साध्या युक्तीने अनेकांना हात दिला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील जी. वाय. हेग यांनी दोन फळ्या बिजागरीने जोडून केलेला मागोवक प्रसिद्ध केला. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि फळ्यांमधील स्क्रू हाताने संथपणे फिरवायचा, एवढेच त्याचे तंत्र. स्क्रूचे आटे १ मिमी. अंतराचे असतील व तो मिनिटाला एक फेरा फिरणार असेल, तर तो बिजागरीपासून सु. २२.९ सेंमी. अंतरावर बसवावा लागतो. मग वरची फळी ताऱ्यांच्या गतीने उघडत जाते. कोणत्याही सुताराला हे काम जमण्याजोगे होते. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याजवळून गेला व त्यानंतरच्या दोन महिन्यांत दक्षिणेकडील अक्षांशांवरून चांगला दिसला. या धूमकेतूने महाराष्ट्रातील हौशी चळवळीस मोठीच चालना दिली. मुंबईतील खगोल मंडळ १९८५ मध्ये याच वातावरणात सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन झाल्यावर तेथील दूरदर्शक बांधणीच्या कार्यशाळांनी पुढील पिढी घडविली.

क्षेत्र व आकाश : पुण्यात गच्चीवरून आकाशगंगा दिसेनाशी झाली, तशी निरीक्षकांची पावले दक्षिणेकडे वळली. भोर पुण्याच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, तर वेल्हे नैर्ऋत्येस आहे. भोर तालुक्यात नीरा व वेळवंडी या नद्यांची खोरी, भाटघर व नीरा-देवघर ही धरणे, रोहिडा किल्ला व रायरेश्वराचे पठार आहे. वेल्हे तालुक्यात गुंजवणी व कानंद नद्यांची खोरी, तोरणा व राजगड हे किल्ले आणि पानशेत-वरसगावचे जलाशय येतात. वस्ती विरळ, डोंगरांच्या सोंडा उंच आणि पश्चिमेस सह्याद्रीचा कडा अशी ही रचना आहे. कड्याखालच्या कोकणातील दिव्यांना डोंगर काही अंशी आडवतात, मात्र पूर्वेकडून पुणे-सातारा महामार्ग व शिरवळच्या कारखान्यांचा उजेड चढतो.

हा प्रदेश सु. १८ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर आहे, यामुळे दक्षिणेचे मोठे आकाश येथे खुले होते. धनू राशीतील आकाशगंगेचा मध्य याम्योत्तर वृत्तावर असताना क्षितिजापासून जवळजवळ ४३ अंश उंचीवर येतो. युरोपात तो क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात रेंगाळतो. नरतुरंगातील ओमेगा हा महागोलाकार गुच्छ इंग्लंडमधून कधीच उगवत नाही. भोरहून तो एप्रिलच्या मध्यरात्री सु. २४ अंश उंच दिसतो. म्हणजे पुण्यातील नायगमवाला यांच्या यंत्राच्या टप्प्यात जे आकाश होते, ते रॉबर्ट्‌स यांच्या त्याच मापाच्या यंत्राला कधीच मिळाले नाही.

या देणगीवर ऋतूंचा कर आहे. आकाशगंगेचा मध्य मध्यरात्री माथ्याकडे येतो तो जूनमध्ये, आणि नेमक्या त्याच वेळी सह्याद्रीवर पाऊस सुरू होतो. परिणामी येथील छायाचित्रकाराला धनू व वृश्चिक राशी फेब्रुवारी ते मे या काळात पहाटे किंवा उत्तररात्री गाठाव्या लागतात. त्यांतही मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांवरील गवताचे वणवे धूर पसरवितात. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते व मृगातील अभ्रिका मध्यरात्री ६६ अंशांपर्यंत चढते. पण भाटघरसारख्या जलाशयांकाठी दव इतके पडते की भिंगाभोवती तापणारी पट्टी बांधल्याखेरीज तासाभरात चित्र धुकट होते. रायरेश्वराच्या पठारावर खोऱ्यातील धुके खाली राहते खरे, परंतु तेथे बॅटरी व तिपाई घेऊन लोखंडी शिडी चढावी लागते.

सर्वांत मोठा पेच ध्रुवताऱ्याचा आहे. दूरदर्शकाचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर केल्याशिवाय तारे बिंदुरूप उमटत नाहीत आणि या जुळणीसाठी ध्रुवतारा दिसावा लागतो. येथे तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंश उंच आहे. भोरहून पाहिल्यास तो थेट पुण्याच्या उजेडाच्या घुमटावर टेकलेला असतो. पुण्याचा उजेड झाकण्यासाठी एखाद्या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी तळ दिला, तर उजेडाबरोबर ध्रुवताराही डोंगराआड जातो. अशा वेळी जुनी सरकपद्धती उपयोगी पडते. याम्योत्तर वृत्ताजवळचा व खगोलीय विषुववृत्तालगतचा एक तारा मोठ्या विवर्धनाखाली धरावयाचा व तो उत्तरेस किंवा दक्षिणेस सरकतो का ते पाहावयाचे. तो दक्षिणेकडे सरकू लागल्यास अक्ष पूर्वेकडे अधिक वळला आहे असे समजून तो किंचित पश्चिमेस फिरवितात. नंतर पूर्व क्षितिजावरील ताऱ्याच्या साहाय्याने अक्षाची उंची दुरुस्त करतात. या कामात पाऊण तास सहज जातो. आधुनिक उपकरणे कॅमेऱ्यातील ताऱ्यांचा नकाशा जुळवून ही दुरुस्ती काही मिनिटांत सुचवितात; तथापि सरकपद्धती ज्याने एकदा केली, त्याला आपले यंत्र का ढळते हे कळते.

अंकीय तंत्र : प्रकाश विद्युत्‌भाराच्या रूपात साठविणारा संवेदक (सीसीडी) विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधला. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हौशी मंडळींच्या हाती मात्र हे तंत्र खऱ्या अर्थाने आले ते २००३ नंतर, अंकीय एसएलआर कॅमेरे आवाक्यातील किमतीत मिळू लागल्यावर. संवेदक पट्टीसारखा थकत नाही आणि चित्र जागेवरच पाहता येते. चूक व कारण यांच्यातील दोन दिवसांचे अंतर दोन मिनिटांवर आले. या छंदाचा प्रसार किमतीपेक्षाही या गोष्टीमुळे अधिक झाला असावा.

अडचणी संपल्या नाहीत, त्यांचे रूप बदलले. तारे सेकंदाला सु. १५ विकला इतक्या वेगाने सरकतात. ५०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगामागे ४ मायक्रोमीटर मापाचे पिक्सेल असतील, तर प्रत्येक पिक्सेल आकाशाच्या १.६५ विकला व्यापतो. मागोवा न घेतल्यास विषुववृत्तालगतचा तारा सेकंदाच्या नवव्या भागातच पुढच्या पिक्सेलवर जातो. तसेच बाजारातील कॅमेऱ्यांत संवेदकापुढे जी गाळणी असते, ती हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बराचसा अडविते. अभ्रिकांचा तांबूस रंग नेमका त्याच प्रकाशाचा असल्यामुळे अनेकांनी ही गाळणी काढून टाकण्याची जोखीम पत्करली.

एकच दीर्घ उद्भासन देण्याऐवजी अनेक लहान उद्भासने घेऊन संगणकावर ती एकमेकांवर रचण्याची पद्धत आता रूढ आहे. अभ्रिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी पडतो, तर यादृच्छिक गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा असतो. त्यामुळे चित्रांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात संकेत गोंगाटावर मात करतो. चार तासांत तीन-तीन मिनिटांची ८० चित्रे घेतली, तर सुधारणा सु. नऊपट होते. ती दुप्पट करावयाची तर १६ तास लागतात. शिकाऊ माणसाची पहिली निराशा बहुधा या वर्गमूळामुळेच होते. याखेरीज भिंग झाकून घेतलेली ‘काळी’ चित्रे संवेदकाच्या उष्णतेतून येणारा दोष वजा करण्यासाठी लागतात. हा दोष तापमानातील सु. ६ अंश सेल्सियस वाढीगणिक दुप्पट होतो, म्हणून जानेवारीतली काळी चित्रे एप्रिलमध्ये चालत नाहीत. दूरदर्शकाच्या तोंडावर स्वच्छ पांढरे कापड ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखून घेतलेली ‘सपाट’ चित्रे धूलिकणांचे डाग व कडेचा अंधार काढतात. झोपेची वेळ टळल्याने नवखे लोक नेमका हाच भाग टाळतात.

संस्कार करताना प्रश्न तंत्रापेक्षा सचोटीचा असतो. रचलेले चित्र प्रथम जवळजवळ काळे दिसते, कारण अभ्रिकेची सारी माहिती काळोखाच्या अगदी लगतच्या छटांत दडलेली असते. त्या छटा ताणून वर आणाव्या लागतात. अशा ताणण्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. ड्रेपर यांची काचपट्टीही मुद्रणाच्या वेळी अशाच रीतीने उजळली जात असे. परंतु संगणकाने गोंगाट पुसताना नसलेले तंतू रेखाटले, किंवा तोरण्याच्या कड्यावर दुसऱ्याच रात्रीचे व दुसऱ्याच दिशेचे आकाश चिकटविले, तर ते चित्र पुरावा राहत नाही. रॉबर्ट्‌स यांचा तर्क चुकूनही त्यांच्या काचपट्टीचे मोल टिकले, ते तिच्यावर जे उमटले होते ते खरे होते म्हणून. उद्भासनाचा काळ, चित्रांची संख्या, स्थळ व तारीख यांची नोंद चित्रासोबत देण्याची चांगली प्रथा हौशी मंडळांत यासाठीच पडली आहे.

काळोखाचा ऱ्हास : आकाशाची अंधारप्रत मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये १ ते ९ अशी श्रेणी सुचविली. तिच्यात १ म्हणजे निखळ काळोख व ९ म्हणजे महानगराचा मध्यभाग. छायाचित्रकाराच्या दृष्टीने या फरकाचा हिशेब वेळेत होतो. पार्श्वभूमीचे आकाश एका प्रतीने उजळले, की तेवढ्याच दर्जाचे चित्र मिळविण्यास सु. अडीचपट काळ लागतो. आकाश तीन प्रतींनी उजळल्यास तो सु. १६ पट होतो. गडद आकाशाखाली एका रात्रीत होणाऱ्या कामाला तेथे १६ रात्री खर्चाव्या लागतील. भोर-वेल्ह्याकडे वळण्याचे सारे कारण या गुणोत्तरात आहे व तेथील धोकाही त्यातच आहे. महामार्गालगतची वस्ती, जलाशयांकाठची विश्रामगृहे व शेतघरे आणि रस्त्यांवरील पांढरे एलईडी दिवे यांनी काळोखाची सीमा पश्चिमेकडे ढकलली आहे. पांढऱ्या एलईडीतील निळा अंश हवेत अधिक विखुरतो, त्यामुळे जुन्या सोडियम दिव्यांपेक्षा त्यांचा उपद्रव अधिक जाणवतो. गावातील रस्त्यावर दिवा लागणे ही तेथील रहिवाशांची न्याय्य मागणी आहे. तक्रार दिव्याची नसून त्याचा प्रकाश आकाशाकडे सांडणाऱ्या उघड्या टोपणाची आहे.

विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय कृष्णाकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली व तेथील काही गावांतील दिव्यांना खाली झुकणारी टोपणे बसविण्यात आली. भोर-वेल्हे परिसरास असा दर्जा नाही. काही छायाचित्रकारांनी यावर अरुंद तरंगपट्ट्याच्या गाळण्यांचा उपाय काढला आहे. या गाळण्या केवळ हायड्रोजन व ऑक्सिजनच्या रेषा आत घेतात, त्यामुळे पुण्यातील गच्चीवरूनही रोझेटसारखी उत्सर्जक अभ्रिका टिपता येते. दीर्घिकांचा व धूलिमेघांवरून परावर्तित होणारा प्रकाश मात्र सर्व तरंगलांबींत विभागलेला असल्यामुळे त्यांना ही गाळणी उपयोगी पडत नाही. देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा किंवा कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ हवी असेल, तर पुणेकराला आजही नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळावे लागते.